एका घरात मात्र

काउंटरवरची घंटी कुणीतरी एकदाच, हलक्या हातानं दाबली आणि मान वर न करता मी म्हणून गेले, "धन्यवाद. पुढचे." डोळ्यांच्या दवाखान्यात घंटी वाजली की "बोला" म्हणायचं असतं, फार तर "जुने पेशंट का नवे?" विचारायचं असतं. धन्यवाद, पुढचे, हे मी महिन्यातून एकदाच म्हणते, दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत, आणि तिथं घंटी वाजवणारी मी असते. समोरची बाई गडबडून दोन पावलं मागं सरली. माझी मलाच लाज वाटली. वर बघितलं तर सत्तरीची, ठेंगणी, पिशवी पोटाशी धरलेली, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा तो दुधट पांढरेपणा. माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत ती म्हणाली, "आवाजावरून ओळखलं. दर महिन्याला फोन यायचा ना तुमचा. कवितांच्या बाई ना तुम्ही? मी मीटरवाल्यांची." मी हातातलं पेन खाली ठेवलं. ठेवताना ते घंटीला लागलं आणि घंटी पुन्हा वाजली, अगदी बारीक.

मीटरवाले म्हणजे आमचे मीटरकाका. तीस वर्षं विजेच्या मीटरवरचे आकडे टिपत घरोघर फिरले आणि निवृत्त झाल्यावर कविता लिहायला लागले. आमच्याकडे येणारे सगळे असेच. अकरा वर्षांपूर्वी मी हे वाचन सुरू केलं तेव्हा वाटलं होतं की शहरातले कवी येतील. कवी आले नाहीत, माणसं आली. दोन नर्सा आल्या, एक बेकरीवाला आला, कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करून देणारी एक बाई आली. चाळीस खुर्च्या मांडायच्या, पंधरा भरायच्या, आणि त्या पंधरातले चौदा आपली पाळी कधी येते याकडे कान लावून बसलेले. निव्वळ ऐकायला म्हणून बसणारी मी एकटी. पूर्वी मीही लिहायचे. मग यांचं ऐकून ऐकून, किंवा आळसानं, किंवा खरं सांगायचं तर भीतीनं, ते थांबलं. कुणी विचारलं की तुम्ही का नाही वाचत, तर म्हणायचे, वाढणाऱ्यानं आधी जेवू नये. लोक हसायचे आणि सुटका व्हायची. पहिल्या वर्षी घंटी नव्हती. तेव्हा एका वकिलानं "ही कविता मला कशी सुचली" हे सांगण्यात पंचवीस मिनिटं घेतली आणि कविता निघाली आठ ओळींची. नाकापेक्षा मोती जड. दुसऱ्याच महिन्यात मी दवाखान्यातली जास्तीची घंटी नेली आणि नियम केला: प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि ती नाव पुकारल्यापासून मोजायची. म्हणजे प्रस्तावना, खोकला, "माइक चालू आहे का हो", सगळं त्यातच. पाच मिनिटं झाली की घंटी, मग कविता अर्धी असो की ओळ अर्धी असो. ज्याची राहिली त्यानं पुढच्या महिन्यात पहिल्यापासून वाचावी. ज्याची पूर्ण झाली त्यानं एक प्रत खोक्यात टाकावी. लोक माझ्यामागं मला घंटीबाई म्हणायचे. ते मला ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

काका नेहमी शेवटच्या रांगेत, दाराशेजारच्या खुर्चीवर बसायचे. दाराशीच उभं राहायची सवय, म्हणायचे. एरवी त्यांच्या कविता छोट्या असायच्या, बहुतेक कुत्र्यांवर. एका शनिवारी मात्र त्यांनी दाटीवाटीनं लिहिलेला एक मोठा कागद आणला होता. मी नाव पुकारलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. ते वाचत असताना मी ऐकत होते असं मला शपथेवर सांगता येणार नाही. माझं लक्ष काट्याकडे होतं, यादीत अजून सहा नावं होती आणि खालचा शिपाई दोनदा वर डोकावून गेला होता. तरी काही ओळी कानांत राहिल्या. तीस वर्षं दारं वाजवली. दार उघडायचं मीटरपुरतं, माणूस दिसायचा हातापुरता. कुत्र्यांनी मला वासावरून ओळखलं, माणसांनी पिशवीवरून. मग त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "एका घरात मात्र", आणि मी घंटी वाजवली. धन्यवाद. पुढचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मालक घरी नाहीत, नंतर या, असं ऐकण्याची ज्याला सवय आहे तसं. "बरं बरं," म्हणाले, कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि जाऊन बसले. नऊ दिवसांनी ते गेले. झोपेत गेले, असं वाचनालयातून कळलं. पुढच्या महिन्याच्या शनिवारी आम्ही त्यांच्यासाठी एक मिनिट शांत उभे राहिलो, आणि ते मिनिट संपल्याची घंटी मी वाजवली. सवय. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

"डोळ्यांचं नंतर बघू हो," काकू म्हणाल्या. मी त्यांना काउंटरच्या आत, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलं होतं. "आधी एक विचारायचंय. त्या दिवशी घरी आले ते इतके खुशीत! मी म्हटलं, झाली का वाचून? तर म्हणाले, सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. घंटीबाईंनी घंटीसुद्धा वाजवली नाही."

मी काउंटरवरची घंटी हळूच लांब सरकवली. काकूंना ते दिसलं नाही.

"मला कधी दाखवली नाही ती कविता. म्हणायचे, शेवटी तू आहेस त्यात, तुला समोर बसवून वाचायची लाज वाटते. बेचाळीस वर्षं संसार करून लाज, बघा! मी म्हटलं, तिकडे परक्यांसमोर वाचाल आणि घरच्या माणसासमोर नाही? तर म्हणाले, घरच्या माणसासमोरच अवघड असतं."

"आणि कागद?" मी विचारलं.

"खिशातच होता. मला तर दिसत नाही. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा, तर शेवटी मी आहे म्हटल्यावर ते बरं दिसत नाही. मग नेताना तोच शर्ट घातला आणि कागद राहू दिला तसाच. म्हटलं, असू दे त्यांच्याबरोबर, बाईंच्या खोक्यात एक प्रत आहेच." त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान केली. "आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द. तो तोंडातून गेल्यावर मी त्यांना फॉर्म भरून दिला, डॉक्टरांकडे पाठवलं, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लिहून दिली. दवाखाना बंद होईपर्यंत माझे हात नीट चालत होते. काकांच्या खोटं बोलण्याचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. घरी येऊन त्यांनी माझी तक्रार केली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर तो कागद मागं राहिला असता. बायकोनं तो जपला असता, कुणाकडून तरी वाचून घेतला असता. बायकोला वाईट वाटू नये म्हणून, किंवा मी वाईट ठरू नये म्हणून, माणूस एक वाक्य खोटं बोलला, आणि त्या वाक्यावर विसंबून ती कविता त्याच्याबरोबर निघून गेली. तिचा शेवट आता जगात कुठंही नव्हता.

तरी मी खोकं उपसलं. अकरा वर्षांच्या कविता, पिनांना गंज चढलेल्या. काकांची कुत्र्यांची सगळी होती, ती नव्हती. थोरली बहीण पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पडद्यांना टीप मारत होती. माझ्या मोबाइलमध्ये प्रत्येक शनिवारचं रेकॉर्डिंग असतं. मी फोन टेबलावर घंटीशेजारी ठेवायचे, म्हणून घंटी त्यात सगळ्यात मोठी ऐकू येते. त्या शनिवारचं मी लावलं. माझा आवाज: मीटरकाका. मग काहीच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बूट, एक पाय टेकवत आणि एक ओढत, टप्, सर्र, टप्, सर्र, शेवटच्या रांगेपासून माइकपर्यंत. मध्ये थांबणं. कुणाला तरी "जरा पाय घेता का". पुन्हा टप्, सर्र. चष्म्याच्या डबीचा खटका. कागद उलगडणं. एक खोल श्वास. आणि मग, तीस वर्षं दारं वाजवली. यंत्र थांबवून ताई दारात येऊन उभी राहिली होती. "कोण चालतंय गं एवढं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू त्यांच्या चालण्याचेपण पैसे लावलेस? अगं, माणूस उठणार, चालणार, चष्मा काढणार. उडत येईल का?"

"नियम सगळ्यांना सारखा होता, ताई."

"हो, गुडघे मात्र सारखे नव्हते," असं म्हणून ती परत पडद्यांकडे गेली. मी घड्याळ लावून मोजलं. नाव पुकारल्यापासून पहिल्या शब्दापर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. पहिल्या शब्दापासून घंटीपर्यंत तीन मिनिटं वीस. मी तीन वेळा मोजलं. एकदाही वेगळं आलं नाही.

तेव्हापासून ती पावलं माझ्यामागं लागली. दवाखान्यात दिवसभर माझं काम नाव पुकारायचं. नाव पुकारलं की बाकावरून माणूस उठतो आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत येतो. इतकी वर्षं त्या मधल्या वेळात मी पुढचं नाव शोधत असे. आता मला तो मधला वेळ ऐकू यायला लागला. काठी, चप्पल, धाप, मुलाचा हात धरून येणारी म्हातारी, आणि त्या सगळ्यांच्या खाली टप्, सर्र. मी सेकंद मोजू लागले. तेरा. बावीस. एका आजोबांना पन्नास लागले आणि मला घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, "बाई, तब्येत ठीक आहे ना?" मी म्हटलं, झोप होत नाही. वाचनाची घंटी मी घरी टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवली होती. सकाळी दात घासताना ती एकदा वाजली. वाजली नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी तोंडात फेस तसाच ठेवून कपाट उघडून बघितलं. ताई म्हणाली, "भूत असतं तर बरं झालं असतं, निदान विचारता तरी आलं असतं." मला हसू आलं नाही, कारण मी विचारलंच होतं. रेकॉर्डिंग लावून त्या "मात्र"नंतर, घंटीच्या आधी, जो जेमतेम अर्धा सेकंद आहे, त्यात कान घालून मी विचारलं होतं: एका घरात काय?

ऑपरेशन झाल्यावर काकू डोळ्यावर पट्टी घेऊन आतल्या खोलीत तासभर बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले. सरळ म्हणायचं झालं तर मी चोरी करायला गेले. "काकू, तुमची ओळख कशी झाली हो?" मी विचारलं, अगदी सहज विचारावं तसं. त्या हसल्या. त्यांच्या माहेरी मीटर जिन्याखाली होता, अंधारात. काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या विजेरीचे सेल संपले होते. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांनी कंदील आणून धरला. "एवढंच हो. आकडा लिहून घेतला आणि गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा सेल संपले. त्याच्या पुढच्याही महिन्यात. माझी आई म्हणाली, याला कुणीतरी सेल घेऊन द्या." मग जरा वेळानं म्हणाल्या, "पण ते त्यांनी कवितेत घातलं असेल असं नाही. काय घातलं असेल कोण जाणे. बोलायचे कुठं कधी? म्हणून तर ऐकायचंय." आणि मग, "ते सांगायचे, तुम्ही रेकॉर्डिंग करता म्हणून. ते नका लावू, बाई. त्यांचा आवाज मला सोसायचा नाही. तुम्ही वाचा. तिथंच, सगळ्यांसमोर. जिथं सगळ्यांनी ऐकली तिथंच मलाही ऐकू द्या." मी बरं म्हटलं. चहाचा रिकामा कप माझ्या हातात राहिला.

त्या दुपारी घरी येऊन मी रेकॉर्डिंगवरून कविता "मात्र"पर्यंत उतरवून घेतली आणि पुढचं लिहायला बसले. आधी मी काकांनी वाचलं त्या शनिवारी हजर असलेल्या दोघातिघांना फोन करून बघितला होता. बेकरीवाला म्हणाला, "छान होती की." पूर्ण झाली होती का? "झालीच असणार." टाइप करणारी बाई म्हणाली, "माझा पुढचा नंबर होता, मी माझंच घोकत होते." कुणालाही काही आठवत नव्हतं. मला पकडणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं कोरड्या राहिलेल्या माझ्या हाताला त्या दिवशी शब्द शोधावे लागले नाहीत. एका घरात मात्र / कुणीतरी दिवा धरला / आणि आकडा लिहून झाल्यावरही / तो तसाच धरून ठेवला. चार ओळी. मी त्या मोठ्यानं म्हटल्या. ताईचं यंत्र थांबलं. "कुणाचं हे?" ती म्हणाली. मी म्हटलं, मीटरकाकांचं. "चांगलं आहे गं," ताई म्हणाली, आणि ताई कवितेला चांगलं म्हणाल्याचं मला उभ्या जन्मात आठवत नाही. मला आनंद झाला. गळ्याशी येईल इतका आनंद झाला. त्या आनंदात मी आरशासमोर उभी राहून एकदा वाचून बघितलं, शेवटच्या ओळीआधी किती थांबायचं ते ठरवलं, आणि मगच माझ्या लक्षात आलं की मी टाळ्यांसाठी जागा सोडत होते.

दुसऱ्या शनिवारी काकू काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसल्या. नवीन साडी नेसल्या होत्या, आणि ती नवीन आहे हे सारखं त्यांच्या हाताला जाणवत होतं. सव्वीस लोक आले होते. घंटी मी नेली होती. टॉवेलातून काढून, पुसून, टेबलावर ठेवली होती, कारण ती नसती तर कुणीतरी विचारलं असतं. शेवटच्या रांगेतली दाराशेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी बसू नये असं मी काही केलं नव्हतं. कुणी बसलंच नाही. मी सांगितलं की आज मीटरकाकांची कविता मी वाचणार आहे, आणि वाचायला लागले. तीस वर्षं दारं वाजवली. वाचताना पहिल्यांदाच मला ती नीट ऐकू आली. त्यात एक ओळ होती, जिन्याखाली वाकून वाकून मला घरं खालून माहीत झाली. ही ओळ मी त्या दिवशी ऐकलीच नव्हती. लोक ऐकत होते. हलणाऱ्या खुर्च्या थांबल्या. बेकरीवाल्यानं मांडीवरचा स्वतःचा कागद पालथा घातला होता. माझ्या कागदावर शेवटी माझ्या चार ओळी होत्या आणि त्या जवळ येत होत्या, आणि छातीत तो दुपारचा आनंद पुन्हा वर यायला लागला. काकूंनी चेहरा किंचित वर केला होता. एका घरात मात्र, मी म्हटलं.

आणि थांबले. लोकांना वाटलं मी परिणामासाठी थांबले. मला ते थांबणं येत होतं, मी आरशासमोर केलं होतं. पण ओठ पुढं जाईनात. मी कागद खाली ठेवला.

"इथं मी घंटी वाजवली होती, काकू," मी म्हटलं. "त्यांनी पुढं वाचलीच नाही. ते तुमच्याशी खोटं बोलले. मीही बोलले. माझ्याकडे प्रत नाही."

काळ्या चष्म्यामुळं मला त्यांचे डोळे दिसत नव्हते. फक्त पिशवीवरचे हात दिसत होते.

"म्हणजे तो कागद एकच होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी तो खिशात ठेवला."

मी पुन्हा हो म्हटलं. कुणीतरी मागं खोकलं आणि खोकताना थांबलं. मला माफ करा, असं म्हणायचं होतं, ते इतकं तोकडं वाटलं की म्हटलं नाही. काकूंनी पिशवीचे बंद मुठीत धरले. उठून जातील असं मला वाटलं, आणि त्या गेल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"किती राहिली होती?" त्यांनी विचारलं.

"ओळी ठाऊक नाहीत. वेळ ठाऊक आहे. त्यांची एक मिनिट चाळीस सेकंद राहिली होती. माइकपर्यंत चालत येण्यात गेली, आणि मी ती मोजली."

"गुडघा," काकू म्हणाल्या. "मी म्हणत होते, पुढं बसत जा." मग पिशवी खाली पायाशी ठेवून त्या सरळ बसल्या. "मग तेवढं थांबू या. त्यांचं आहे ते."

मी घड्याळाचं बटण दाबलं. कुणी उभं राहिलं नाही, कुणी मान खाली घातली नाही. लोक कविता ऐकताना बसतात तसे बसले होते, म्हणजे खरं तर त्याहून चांगले. खाली वाचनालयात कुणीतरी पुस्तकावर शिक्का मारत होतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत होतं. माइक मी बंद केला नव्हता आणि त्याचा बारीक गुंजारव खोलीत भरून राहिला होता. आपोआप माझा कान मागच्या खुर्चीकडे गेला, पण पावलं काही आली नाहीत. ती येऊन पोचली होती बहुतेक. मी काकूंकडे बघितलं. त्या माइककडे, तिथल्या रिकाम्या जागेकडे, तोंड करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं, तर तिथं लाज होती. चार लोकांत आपल्याबद्दल कुणी बोलत असताना माणूस लाजतो तसा तो चेहरा लाजला होता. एकदा तर त्यांनी मान हलवली, इश्श, काहीतरीच, म्हटल्यासारखी. काटा एक मिनिट चाळीसवर आला. माझा हात सवयीनं घंटीवर गेला. बोटाला तिचं गार बटण लागलं आणि मी बोट तसंच ठेवलं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. यादीत अजून अकरा नावं होती. त्यांतल्या कुणीही घड्याळाकडे बघितलं नाही.

"झाली का हो वेळ?" काकूंनी हळूच विचारलं.

काटा साडेचारच्या पुढं गेला होता.

"नाही काकू," मी म्हटलं. "अजून नाही."